तीन हजार आठशे अकरा

इद्रीस खोत वडप्याच्या एका गोदामात चौदा वर्षं स्टॉककीपर होते, आणि चौदा वर्षांत त्यांच्या रजिस्टरातला आकडा आणि रॅकवरचा माल यांत एका नगाचाही फरक पडला नव्हता. वर्षातून एकदा तपासणीला बाहेरून पोरं यायची. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडून प्रत्येक रॅक स्वतः मोजायची, दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्च्या ओढून बसायची आणि म्हणायची, "चाचा, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो." इद्रीसना याचा अभिमान होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. त्यांची बायको माजिदा मात्र पाहुण्यांना सांगायची, आमच्या यांना घरातले चमचेसुद्धा पाठ आहेत.

ही सवय कापडातली. भिवंडीत निजामपुऱ्यात खोतांचे आजोबांच्या वेळेपासूनचे बारा लूम होते. विशीत असताना इद्रीस तागे तपासायला बसत. हात फिरवला की धागा कुठे सुटलाय ते बोटांना कळायचं. पुढे लूम भंगारात गेले, भाऊ कुवेतला गेले आणि इद्रीस रोज सकाळी स्कूटरला डबा अडकवून नाशिक हायवेनं वडप्याला जाऊ लागले. गोदाम ज्या जमिनीवर उभं होतं ती पंढरी भोईरांची, पिढ्यान्‌पिढ्या भाताची. जमीन विकल्यावर पंढरीदादांना नोकरीची गरज उरली नव्हती, पण घरी बसून करमेना म्हणून त्यांनी गेटवरची ड्युटी मागून घेतली होती. गेटची केबिन बरोबर त्यांच्या जुन्या बांधावर आली होती.

गेल्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या गोदामात एक वेगळा माल उतरला. तीन हजार आठशे बारा बॉक्स. पांढऱ्या पुठ्ठ्याचे, बाजूला निळी इंग्रजी आणि अरबी अक्षरं. आत शेंगदाण्याची पेस्ट होती. दाणे, दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं एकत्र वाटून छोट्या पाकिटांत भरलेली. भुकेनं खंगलेल्या लहान मुलांना औषध म्हणून द्यायचं अन्न. परदेशातल्या एका सरकारच्या मदतीतून एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं ते इथल्या कारखान्यात बनवून घेतलं होतं, आणि न्हावाशेव्यावरून ते सुदानला जायचं होतं. तिथे लढाई चालू होती. जहाज तीन आठवड्यांवर होतं. तोवर माल थंड विभागात, सी रांगेत ठेवायचा होता.

माल बघायला संस्थेच्या डॉक्टरबाई आल्या. मूळच्या नागपूरच्या. त्यांनी तापमान बघितलं, दोनचार बॉक्स उघडून पाहिले. इद्रीसनी धंद्याच्या सवयीनं विचारलं, "बाई, बॉक्समध्ये दीडशेच पाकिटं का? एकशे साठ घातली असती तर पॅलेटवर जागा वाया गेली नसती."

"दीडशे म्हणजे एका मुलाचा साधारण दोन महिन्यांचा कोर्स," बाई म्हणाल्या. "आम्ही टनात बोलतच नाही. एक बॉक्स, एक मूल."

इद्रीसनी मान हलवली आणि रजिस्टरात आकडा लिहिला. तेव्हा त्यांना त्याचं विशेष काही वाटलं नाही.

जानेवारी संपता संपता जहाज रद्द झालं. गोदामाचा मॅनेजर सार्थक, तिशीतला, पुण्याहून आलेला मुलगा. तो म्हणाला, "वरून थांबवलंय." पैसे देणाऱ्या सरकारनं परदेशी मदत एका फटक्यात बंद केली होती. फेब्रुवारीत संस्थेचे ईमेल परत येऊ लागले. डॉक्टरबाईंचा फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू यायचं. माल तसाच राहिला. मार्च गेला, मे गेला. इद्रीस रोज सकाळी सी रांगेपाशी जाऊन तापमान लिहीत आणि सार्थकला आठवण करत, "मुदत ऑक्टोबरअखेर आहे. पोचायला दोन महिने लागतात." सार्थक मेल टाकत राहिला. ऑगस्टच्या मध्यावर उत्तर आलं, अकरा पानांचं. संस्थेचं काम गुंडाळणाऱ्या वकिलांच्या ऑफिसातून. माल जाळून नष्ट करावा, आणि गोदामाच्या स्टॉककीपरनं समक्ष उभं राहून तशी सही द्यावी.

"इथे वाटता येणार नाही?" इद्रीसनी विचारलं.

"मीही तेच विचारलं होतं." सार्थकनं पानं त्यांच्याकडे सरकवली. "निर्यातीसाठी करमाफीवर बनलेला माल आहे, देशात वाटायचा तर कस्टमची परवानगी लागेल. आपल्या आरोग्य खात्याच्या यादीत तो नाही, म्हणून ते घेऊ शकत नाहीत. करारात लिहिलंय की दुसऱ्या कुठल्या कामाला वापरता येणार नाही. ती अट काढायची तर संस्थेनं काढायची, आणि संस्थेचं ऑफिस बंद आहे. नाही कुणीच म्हणत नाहीये, इद्रीसभाई. हो म्हणायला कुणी जागेवर नाही."

संध्याकाळी इद्रीसनी ती पानं घरी नेली. मुलगी हफसा लॉच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं जेवण होईपर्यंत वाचली.

"यात बेकायदा काही नाही, अब्बा," ती म्हणाली. मग म्हणाली, "एक बालहक्कांचा करार आहे. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी त्यावर सही केलीय. मुलांना कुपोषणातून वाचवायचं, पोटभर सकस अन्न द्यायचं, असं चोविसाव्या कलमात स्पष्ट आहे."

"सगळ्या देशांनी सही केलीय?"

"जवळजवळ."

"मग जाळायच्या कागदावर माझी सही कशाला लागतेय?"

हफसानं पानं सारखी करून त्यांच्यापुढे ठेवली.

गोदामात झाडलोट करायला धोंडूबाई यायची, मागच्या कातकरी पाड्यावरची. तिचा नातू नवशा तिच्याबरोबर असायचा. त्याची आई उन्हाळ्यात काविळीनं गेली होती आणि बाप कामाच्या शोधात कुठे गेला होता ते तिला नक्की माहीत नव्हतं. आत मूल आणायला बंदी, म्हणून ती त्याला पंढरीदादांच्या केबिनपाशी गोणपाटावर ठेवून जायची. इद्रीस रोज त्याच्या शेजारून स्कूटर घेऊन जात. ते मूल कधी रडत नसे, म्हणून त्यांचं कधी लक्षही गेलं नव्हतं.

अकरा पानं आली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ते गेटपाशी चलन बघत उभे होते. नवशाच्या ओठाच्या कोपऱ्यावर एक माशी बसली होती. इद्रीस वाट बघत होते की तो आता तोंड हलवेल, हात मारेल. माशी डोळ्यापर्यंत चालत गेली. पोरानं पापणीसुद्धा हलवली नाही.

"दीड वर्साचा हाय," पंढरीदादा म्हणाले. "उचलला तं कोंबडीचं पिल्लू. अंगणवाडीच्या बाईनं दंडाला पट्टी लावली, लाल निघाली. दवाखान्यात धाडला व्हता. तिकडं चौदा दिस राहायला लागतंय. ही म्हातारी तिकडं राहिली तं घरची दोन पोरं कोन बगल? तिसऱ्या दिशी परत आली."

"वजन किती आहे?"

"सा किलो. जरा वर."

इद्रीस आत गेले. सी रांगेत एक बॉक्स तराजूवर ठेवला. पावणेचौदा किलो. त्यांनी तो परत जागेवर ठेवला, आणि दिवसभरात आणखी दोनदा तिथे जाऊन आले.

ट्रक सत्तावीस ऑगस्टला लागणार होते. सव्वीसला दुपारी जेवणाच्या सुट्टीत, फोर्कलिफ्ट बंद असताना, इद्रीसनी एक बॉक्स खांद्यावर घेतला आणि सरळ गेटपर्यंत चालत गेले. काही झाकलं नाही. गेटपास नव्हता. पंढरीदादांनी बॉक्सकडे पाहिलं, इद्रीसकडे पाहिलं, गेटच्या रजिस्टरावर पेन आडवं ठेवलं आणि ते पाणी प्यायला नळावर गेले. इद्रीसनी बॉक्स केबिनमध्ये बाकाखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी चार ट्रक भरले. इद्रीस ट्रकच्या मागच्या फळीपाशी उभे राहून मोजत होते. शेवटचा बॉक्स चढला तेव्हा आकडा तीन हजार आठशे अकरा होता. त्यांनी चलनावर तीन हजार आठशे बारा लिहिलं. आपला हात खोटं इतकं सहज लिहितो याचंच त्यांना नवल वाटलं.

जाळायचा कारखाना पनवेलच्या पुढे होता, उंच धुराड्याचा. साक्षीदार म्हणून इद्रीस पहिल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेले. तिथे एका काचेमागे त्यांना खुर्ची दिली. पट्ट्यावरून बॉक्स एकामागोमाग भट्टीच्या तोंडाशी जात होते. पहिला अर्धा तास फक्त पुठ्ठ्याचा वास आला. मग दाणे भाजल्याचा वास सुटला, खमंग, गोडसर, घरात लाडू वळायला घेतले की येतो तसा. कारखान्यातले कामगार एकमेकांकडे बघून हसले. एकानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. सकाळपासून इद्रीसच्या पोटात काही नव्हतं. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

पुढे त्यांनी माजिदाला सगळं सांगितलं, बॉक्सचंही सांगितलं, पण तोंडाला पाणी सुटल्याचं सांगायला त्यांना दोन महिने लागले.

संध्याकाळी साडेपाचला त्यांनी सही केली. माझ्या समक्ष, संपूर्णपणे, तीन हजार आठशे बारा.

अंगणवाडी सेविका ऋतिका बॉक्स बघून घाबरली. ती पाड्याच्या वरच्या बाजूला राहायची, पंढरीदादांच्या भावकीतली. तिनं आधी मुदत वाचली, मग अरबी अक्षरांवर बोट ठेवलं. "खोतकाका, पोराला काही झालं तर माझी नोकरी जाईल आणि तुम्ही आत जाल." तरी तिनं तिथूनच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला फोन लावला. त्या तरुण डॉक्टरनं आधी पोराचं वय आणि वजन विचारलं. मग म्हणाला, हा फोन मला आलेला नाही. पण पोराला ताप किंवा पायावर सूज नसेल, आणि पहिलं पाकीट तो आपणहून खाणार असेल, तर दिवसाला अडीच पाकिटं, सोबत भरपूर उकळलेलं पाणी, आणि दर आठवड्याला वजन. खाल्लं नाही तर त्याच दिवशी उचलून माझ्याकडे आणायचा.

धोंडूबाईनं नवशाला मांडीवर घेतलं. ऋतिकानं पाकिटाचा कोपरा फाडून पेस्टचा एक थेंब त्याच्या ओठाला लावला. काही क्षण काहीच झालं नाही. मग जीभ बाहेर आली. मग त्याचे दोन्ही हात वर आले आणि त्यानं पाकीट पकडलं, आणि ऋतिकाला ते त्याच्या मुठीतून सोडवता येईना.

"सोडत न्हाय," धोंडूबाई म्हणाली, जणू तक्रार करतेय.

पहिल्या आठवड्यात तो दीडशे ग्रॅमनं वाढला, दुसऱ्यात सव्वादोनशे. इद्रीस दर शनिवारी सुटल्यावर पाड्यावर जात आणि वजनकाट्यापाशी उभे राहत. तिसऱ्या आठवड्यात ते गेटमधून शिरत असताना एक कर्कश रडणं ऐकू आलं. नवशा गोणपाटावर बसून, तोंड वासून, सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असा रडत होता. त्याच्या हातातला पत्र्याचा डबा पंढरीदादांनी काढून घेतला होता. "आवाज बगा कसा हाय," पंढरीदादा कौतुकानं म्हणाले. चौथ्या आठवड्यात तो बाक धरून उभा राहिला. पाचव्यात त्यानं इद्रीसच्या दाढीला हात घातला आणि ओढली, चांगली जोरात.

इथपर्यंत सगळं ठीक होतं, आणि इथूनच ते सुरू झालं.

सी रांग रिकामी होती. तिथे दुसरा माल यायला अजून अवकाश होता. दुपारी दोनच्या सुमारास, माथाडी जेवून आडवे झालेले असताना, इद्रीस तापमान लिहायला तिथून जात. एका दुपारी चालता चालता ते थबकले, कारण आपण पाय उचलून न टाकता घासत नेतोय हे त्यांच्या लक्षात आलं. घरात रांगणारं मूल असलं की माणूस असा चालतो, चुकून पायाखाली येऊ नये म्हणून. हफसा लहान असताना ते असेच चालायचे. त्यांनी खाली पाहिलं. सिमेंटची स्वच्छ जमीन होती, पॅलेटच्या खुणा होत्या. तरी त्यांना पुढचं पाऊल उचलता येईना. आपल्या गुडघ्याएवढ्या उंचीवर इथे गर्दी आहे, दाटीवाटीनं, आणि कुणीही रडत नाहीये, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. नंतर रोज. फोर्कलिफ्ट चालवणारा मुदस्सिर एकदा म्हणाला, "चाचा, पैर में कुछ हुआ क्या?" इद्रीस हो म्हणाले. त्यांनी सी रांगेतून जाणं टाळायला सुरुवात केली. पलीकडून वळसा घालून जात. मग ती गर्दी बी रांगेतही आली.

त्यांना कधी काही दिसलं नाही. भूतबाधा मानणाऱ्यांतले ते नव्हते, आणि त्यांनी कुणाकडून ताईत आणला नाही. त्यांना नेमकं कळत होतं काय झालंय ते. बॉक्स नेला तोवर बॉक्स हा बॉक्स होता. एका बॉक्समधून काय निघतं ते त्यांनी आता पाहिलं होतं. त्याला आवाज होता, मूठ होती, खोड्या होत्या. नवशा जेवढा भरत जाई तेवढी बाकीची तीन हजार आठशे अकरा मुलं स्पष्ट होत जात. शनिवारी काट्यावर दोनशे ग्रॅम वाढले की सगळे खूश होत, आणि इद्रीसच्या डोक्यात गुणाकार सुरू होई. आणि दुसरं म्हणजे, त्या दुपारी गेटवर कुणी नव्हतं. खांद्यावर एक नेला, तसा परत जाऊन दुसरा नेता आला असता. चार खेपा, पाच खेपा. पंढरीदादा तेवढं पाणी नक्की प्यायले असते. परत जायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. एक पुरे, असं त्यांना वाटलं होतं.

नमाजात त्यांचा हिशेब चुकायला लागला. दोन रकात झाल्या की तीन, आठवेना. आयुष्यात हे झालं नव्हतं. विसरल्याबद्दलचा जादा सजदा करून उठायचे, आणि बाहेर मशिदीच्या पायऱ्यांवर लहान मुलांच्या चपलांची रास दिसली की नजर आपोआप मोजायला लागायची.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी हफसाला सांगितलं, "मी मराठीत लिहितो, तू इंग्रजी कर." पत्र वकिलांच्या ऑफिसला होतं, अकरा पानांवरच्या पत्त्यावर. त्यात लिहिलं होतं की माझ्या सहीचा आकडा खोटा आहे. तीन हजार आठशे अकरा बॉक्स जळाले. एक जळाला नाही. तो मी नवशा नावाच्या मुलाला दिला, त्याचं वजन आता सात किलो सहाशे आहे. नोंद दुरुस्त करावी.

माजिदा दारात उभी राहून ऐकत होती. "कुणी विचारलंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "सगळं मिटलंय. नोकरी घालवाल."

"आकडा चुकीचा आहे."

"एका बॉक्सनं काय होतंय?"

इद्रीसनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. आत जाऊन तिनं त्यांचा डबा भरला.

"अब्बा, यात तुम्हाला नेमकं काय हवंय?" हफसानं विचारलं. "माफी?"

"नाही. कागदावर सगळी जळाली असं लिहिलंय. सगळी नाही जळाली. एवढंच."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात उत्तर आलं, पण ते सार्थकला. सार्थकनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावलं. "मला सांगायचंत आधी," तो म्हणाला. "मी ते पत्र जाऊच दिलं नसतं. आता कंपनीला लेखी कळलंय." गुन्हा नोंदवायचा नाही असं त्यानं वर भांडून मिळवलं होतं. महिनाअखेर राजीनामा द्यायचा आणि दुरुस्त केलेल्या प्रमाणपत्रावर सही करायची.

प्रमाणपत्र तयार होतं. नष्ट केलेले नग, तीन हजार आठशे अकरा. खाली फरकाचा रकाना होता, नग एक, आणि कारणापुढे छापील शब्दांतून निवड करायची होती. तुटफूट, गळती, उंदीर, चोरी. चोरीवर खूण केलेली होती.

"इथे लिहिता येईल का, एका मुलाला दिला म्हणून?"

सार्थकनं कागद उलटासुलटा करून पाहिला, खरंच शोधल्यासारखा. "तसा रकाना नाहीये, इद्रीसभाई."

इद्रीसनी सही केली. चौदा वर्षांत फरकाच्या रकान्यात त्यांची ती पहिली नोंद. केबिनबाहेर येताना त्यांना वाटलं होतं की आता काहीतरी हलकं होईल. सी रांगेपाशी ते थांबले. गर्दी होती तशीच होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नोकरी सुटल्यावर, ते पाड्यावर गेले. धोंडूबाईच्या झोपडीच्या दाराला काटेरी फांदी आडवी लावलेली होती. शेजारच्या तीन झोपड्यांनाही. ऋतिकानं अंगणवाडीच्या ओट्यावर बसून रजिस्टर दाखवलं. शेवटचं वजन सात किलो नऊशे, दंडाची पट्टी पिवळ्यात. आणि पुढे एक शब्द, स्थलांतरित.

"दिवाळी झाल्यावर बाप आला," ती म्हणाली. "वीटभट्टीच्या मालकाची गाडीच घेऊन आला. म्हातारीला, पोरांना, सगळ्यांना घेऊन गेला. आता येतील ते पावसाच्या तोंडावर."

"कुठली भट्टी?"

"कर्जतकडे म्हणाले, की मुरबाडकडे. मालक दर वर्षी बदलतो. तिकडच्या अंगणवाडीला कळवायचं तर गावाचं नाव पाहिजे ना, काका. नाव माहीत नाही म्हणजे मी कुणाला कळवू?" तिनं रजिस्टर मिटलं. "इथल्या यादीतून तो आता कमी."

त्या रविवारी इद्रीसनी पंढरीदादांना स्कूटरवर मागे घेतलं आणि ते मुरबाडच्या बाजूला गेले. पहिल्या भट्टीवर पंधराएक पोरं होती, सगळी एकाच रंगाची, विटेच्या. इद्रीस एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरले. नवशा नव्हता. ज्या पोराच्या दंडावर त्यांची नजर अडकली ते तीन वर्षांचं असावं, आणि त्याच्या ओठावर माशी बसली होती. त्यांनी तिथूनच ऋतिकाला फोन केला. ऋतिकानं दोन दिवसांनी त्यांना दंडाचा घेर मोजायची कागदी पट्टी दिली, कशी लावायची ते शिकवलं, आणि म्हणाली, "भट्टीचं आणि जवळच्या गावाचं नाव तेवढं लिहून आणा. पुढचं मी बघते. निदान बघायला लावते."

आता इद्रीस आठवडाभर मेहुण्याच्या कापडाच्या दुकानात बसतात आणि रविवारी भट्ट्यांवर जातात. पंढरीदादांची गुडघेदुखी वाढल्यावर माजिदा बरोबर येऊ लागली, आणि ती आल्यापासून बायका पोरांना पुढे करायला कमी बिचकतात. एका वहीत नावं आहेत. जानेवारीपर्यंत एकशे सहा मुलं, त्यांतली तेवीस लाल. तेवीसपैकी नऊ जणांपर्यंत कुणीतरी सरकारी माणूस पोचला, दोघांना दवाखान्यात नेलं, त्यातली एक मुलगी वाचली नाही. बाकीच्यांचं काय झालं ते वहीत लिहिलेलं नाही, कारण पुढच्या वेळी जाईपर्यंत काही भट्ट्यांवरची माणसं बदललेली होती.

दुकानाच्या दारातून आत येताना इद्रीस अजूनही पाय घासतात. माजिदानं ते पाहिलंय. मागच्या रविवारी सरळगावच्या पुढे एका झाडाखाली दोघं भाकरी खायला बसली होती. समोरच्या भट्टीतून धूर सरळ वर जात होता.

"आज किती?" तिनं विचारलं.

"अकरा. तीन लाल."

"आणि नवशा?"

इद्रीसनी नाही अशी मान हलवली. मग वही उघडून, भाकरीचा हात सदऱ्याला पुसून, तिसऱ्या मुलाच्या नावापुढे राहिलेलं गावाचं नाव लिहिलं.